डोंगराची वहिवाट

२०२४ सालची दसऱ्याची कोर्टाची सुटी आम्ही स्कॉटलंडात घालविली. आमचा पुतण्या तेथे डंडी शहरी इस्पितळात डॉक्टर आहे. बंगालचा ताग विणून एके काळी साऱ्या जगाला गोणपाट पुरविणारे ते हेच डंडी. आता तेथे ताग विणला जात नाही. पुतण्याला त्या देशी जाऊन एक व्यसन जडले आहे. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ साली तीन हजार फुटांवरील स्कॉटिश शिखरांची यादी छापली. पुढे तीत भर पडली, घट झाली. आजमितीस तीत २८२ शिखरे आहेत. ती एकेक करून पायाखाली घालावयाची आणि वहीत खूण करावयाची, हा तेथील पुष्कळ सुविद्य माणसांचा आयुष्यभराचा उद्योग होऊन बसला आहे. बारा ज्योतिर्लिंगे आणि अष्टविनायक मोजणारी माणसे आमच्या घरातच असल्यामुळे आम्हांस या प्रकाराचे फारसे नवल वाटले नाही. फरक एवढाच, की तेथे शिखरावर देव नसतो. दगडांची एक रास असते, तिला हात लावावयाचा आणि उतरावयाचे.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात, एका बुधवारी, त्याने आम्हांस ग्लेन डॉल या दरीत नेले. क्लोव्हा खोऱ्याच्या टोकाशी ही दरी आहे, आणि तिच्यातून निघालेली ‘जॉकची वाट’ डोंगराचे पठार ओलांडून ब्रेमार गावाकडे उतरते. पुतण्याला त्या वाटेने वर चढून टॉलमाउंट या शिखराची खूण करावयाची होती. खालच्या अंगाला सरकारी वनखात्याची झाडे आहेत. ती संपली की दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, आणि माणसाला आपण लहान आहोत याची जाणीव होऊ लागते. डोंगरावरचे गवत वाळून तांबूस झाले होते. वरून कोठून तरी रेड्याच्या डुरकण्यासारखा आवाज राहून राहून येत होता. ते माजावर आलेले नर. त्या देशातील तांबडे हरीण म्हणजे आपल्या काश्मीरच्या हांगुलाचा भाऊबंद. शिंगे तशीच फांद्याफांद्यांची.

वाटेच्या कडेस एक लहानशी पाटी होती. हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत, ते २० ऑक्टोबरपर्यंत चालतील, तोवर डोंगरावर येणाऱ्यांनी शक्यतो मुख्य वाटेने अथवा डोंगराच्या धारेने जावे, असा तिचा आशय होता. आम्ही वकील असल्यामुळे कोणतीही पाटी दोनदा वाचतो. तीत ‘मज्जाव’ नव्हता, ‘शिक्षा’ नव्हती, कोणत्याही कायद्याचे कलम नव्हते. असली पाटी आमच्या तालुक्यात कोणी लावली असती, तर तिच्यावर एका आठवड्यात विड्याच्या पिचकाऱ्या पडल्या असत्या.

पठाराच्या अलीकडे, वाटेवर, दगडमातीचा आणि हिरवळीखाली दडलेला एक लहानसा निवारा आहे. १ जानेवारी १९५९ रोजी ब्रेमारहून निघालेले पाच जण या वाटेवर हिमवादळात सापडून मेले; त्यानंतरचा हा निवारा. तेथे आम्ही डबा सोडला, तो एक मनुष्य वरून उतरत आमच्याकडे आला. अंगात जाड लोकरी कपडे, गळ्यात दुर्बीण, चेहरा वाऱ्याने भाजलेला. तो जवळच्या खासगी इस्टेटीवरचा ‘स्टॉकर’ होता. इस्टेटीवरील हरणांवर लक्ष ठेवणे, त्यांची गणती करणे आणि पैसे मोजून शिकारीस येणाऱ्या पाहुण्याला माग काढीत हरणाच्या टप्प्यात नेऊन पोहोचविणे, हे अशा माणसाचे काम. बंदुकीचा चाप पाहुणा ओढतो. बाकी सारी विद्या स्टॉकरची.

त्याने आम्हांस आमचा बेत विचारला, आणि मग वाऱ्याची गोष्ट सांगितली. हरणाची खरी राखण त्याचे डोळे करीत नाहीत, नाक करते. माणसाचा वास वाऱ्याबरोबर मैलभर पुढे जातो. म्हणून माग काढणारा नेहमी वाऱ्याला तोंड देऊन चालतो, ओढ्याच्या पात्रातून वाकून जातो, अखेरचे दोनतीनशे हात पोटावर सरपटतो. पहाटेपासून चार तास असे घालविल्यावर, भलत्याच बाजूने कोणी डोंगराची हवा खाण्यास आला, तर त्याचा नुसता वास त्या खोलगटात उतरतो आणि सारा कळप डोके वर करून नाहीसा होतो. त्या दिवशी वारा टॉलमाउंटवरून पलीकडच्या खोलगटात उतरत होता, आणि त्याचा सोबती पाहुण्याला घेऊन त्याच खोलगटाच्या तोंडाशी दगडाआड पडून होता.

एवढे सांगून तो म्हणाला, की वर जाण्याचा तुम्हांला हक्क आहे. मी तुम्हांला अडवू शकत नाही आणि अडविणारही नाही. मी फक्त विनंती करीत आहे. रविवारी आम्ही कोणीही बंदूक उचलीत नाही, त्या दिवशी या.

पुतण्याची रविवारी इस्पितळात पाळी होती. त्याचे तोंड उतरले. तो आम्हांस मराठीत म्हणाला, “काका, कायदा आपल्या बाजूने आहे. तो स्वतःच कबूल करतो आहे.”

कायदा त्याच्या बाजूने होता हे खरे, आणि तो कायदा कसा आला हे ज्या वाटेवर आम्ही उभे होतो त्या वाटेहून अधिक चांगले कोणी सांगू शकले नसते. गेल्या शतकाच्या मागल्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून माणसे उठविली गेली आणि मेंढ्या आल्या. मग लोकर स्वस्त झाली, मेंढ्या गेल्या आणि हरणे आली. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने १८५२ साली बाल्मोरल विकत घेतले, आणि हरणांचे रान बाळगणे ही श्रीमंतीची निशाणी होऊन बसली. १९१२ च्या सुमारास अशी राने ३५ लाख एकरांवर पसरली होती. त्यांतील एक रान म्हणजे ही दरी. डंकन मॅकफर्सन नावाचा एक स्कॉट ऑस्ट्रेलियात पैसा मिळवून परतला, त्याने ग्लेन डॉल विकत घेतले आणि जॉकच्या वाटेवर माणसांस येण्यास मनाई केली. एडिंबरोत १८४५ साली वाटांच्या रक्षणासाठी स्थापन झालेली एक संस्था कोर्टात गेली. धनगर आणि मेंढ्यांचे व्यापारी साक्षीला आले. आम्ही पूर्वापार या वाटेने कळप हाकीत आलो, कोणाला विचारले नाही, कोणी अडविले नाही, असे त्यांनी सांगितले. दावा लंडनच्या लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला, आणि १८८८ साली वाट मोकळी ठरली. खर्च मात्र दोघांनाही जड गेला. वकिलांना काय मिळाले, हा प्रश्न आम्ही भाऊबंदकीमुळे विचारीत नाही.

या काळातील दुसरा एक दावा आम्हांस फार आवडतो. विनन्स नावाच्या एका अमेरिकन धनिकाने डोंगराळ भागात दोन लाख एकरांहून अधिक रान शिकारीसाठी भाड्याने घेतले होते. किंटेलमधील मोर्व्हिक येथे मर्डोक मॅक्रे नावाचा एक गरीब चांभार राहत असे. त्याच्या घरी पाळलेले एक कोकरू होते, आणि त्या कोकराने कुंपण नसलेल्या त्या रानात तोंड घातले. विनन्सने मनाई हुकुमासाठी दावा गुदरला. दोन लाख एकरांचा धनी एका बाजूस, दुसऱ्या बाजूस एक कोकरू! १८८५ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. ज्या हक्काच्या वापरण्याने धन्याचे काही हित नाही आणि दुसऱ्याला नुसता छळ आहे, त्याच्या मदतीला न्यायालयाने धावून जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी आम्हांस आजही शहाणपणाची वाटते. आधीच्याच वर्षी जेम्स ब्राइस याने डोंगर सर्वांस मोकळे करण्याचे विधेयक पार्लमेंटात मांडले होते. ब्राइस म्हणजे ऑक्सफर्डचा कायद्याचा प्राध्यापक आणि अरारात पर्वतावर चढून आलेला मनुष्य. विधेयकास याहून योग्य बाप मिळणे कठीण. तरी ते पडले, पुन्हा मांडले तेव्हाही पडले, आणि मग शंभराहून अधिक वर्षे गेली.

अखेर २००३ साली स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटने जमीनसुधारणेचा कायदा केला, आणि ९ फेब्रुवारी २००५ पासून त्यातील फिरण्याचा हक्क अमलात आला. आज तेथे घराचा परसू, उभे पीक आणि असेच थोडे अपवाद सोडले, तर कोणाच्याही जमिनीवरून कोणीही पायी जाऊ शकतो, रात्री राहू शकतो. वाट असो वा नसो, पूर्वीची वहिवाट सिद्ध होवो वा न होवो. ज्या देशातील निम्मी खासगी ग्रामीण जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे, त्या देशात ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कायद्याने या हक्काला एक शब्द जोडला आहे. हक्क जबाबदारीने वापरला पाहिजे. आणि पुढच्याच कलमात मालकावरही तोच शब्द बसविला आहे, की त्यानेही आपली जमीन जबाबदारीने चालवावी. मालकाला नुसते अडविण्यासाठी पाट्या आणि कुंपणे लावता येत नाहीत. फिरणाऱ्याने शिकारीच्या दिवसांत डोंगराची धार धरावी, खोलगटातून जाणे भाग असेल तर मोठ्या ओढ्याच्या कडेने उतरावे, आणि कोणी वाजवी सल्ला दिला तर तो मानावा, असे त्यासोबतच्या आचारसंहितेत सांगितले आहे.

प्रथम हे वाचले तेव्हा आमच्यातला वकील हसला होता. ‘जबाबदारीने’, ‘वाजवी’ हे शब्द म्हणजे आमच्या धंद्याचे चराऊ कुरण. इंग्लंडादेशीचे जुने पंडित हक्क मोजून देत. अमक्या खुंटापासून तमक्या खुंटापर्यंत, इतके हात रुंद. हे शब्द कोणत्या गजाने मोजावयाचे? पण निवाऱ्यापाशी उभे असता आम्हांस कळले, की ते मोजावयाचे नाहीतच. ते दोन माणसांनी डोंगरावर उभे राहून बोलावयाचे आहेत. हा कायदाही आकाशातून पडला नव्हता. लेटरयू या वायव्येकडील प्रचंड इस्टेटीचा डच मालक पॉल व्हान व्ह्लिसिंगेन याचे फिरणाऱ्यांशी भांडण जुंपले होते. त्याने वकिलांकडे जाण्याऐवजी त्यांनाच बोलावून घेतले, आणि १९९३ साली उभयतांत समजुतीचा एक मसुदा झाला. पुढे १९९६ साली साऱ्या देशासाठी तसाच एक करार झाला. कायदा मागून आला. बोलणे आधी झाले होते.

पुतण्याला आम्ही देवळाची गोष्ट सांगितली. देवाला नैवेद्य दाखविताना गाभाऱ्याचा पडदा ओढतात. बाहेर शंभर माणसे ताटकळतात. कोणी नवस फेडावयाला पन्नास कोसांवरून आलेला असतो. त्या पडद्याने आपला दर्शनाचा हक्क बुडाला असे म्हणून भटजींवर फिर्याद केल्याचे आमच्या तीस पिढ्यांत कोणी ऐकले नाही. पडदा परत उघडणार, हे सर्वांना ठाऊक असते. पुतण्या म्हणाला, “काका, आत देव जेवत असतो. इथं एक श्रीमंत माणूस हरीण मारतो आहे.”

त्याचे म्हणणे खोडून काढणे आम्हांस जमले नाही, आणि आजही सर्वस्वी जमत नाही. ज्याच्या घरी पांडूची कथा सांगितली जाते, मृगरूपातील ऋषीला बाण मारला आणि कुळाचे वाटोळे झाले ही कथा, त्याला हौसेने केलेली शिकार गोड लागणे कठीण. पण त्या डोंगरावर लांडगा उरलेला नाही. माणसानेच तो शेकडो वर्षांपूर्वी संपविला. सर्व जातींची मिळून स्कॉटलंडात दहा लाखांच्या आसपास हरणे असावीत, असा सरकारचा अंदाज आहे. ती वाढतात आणि झाडाचे प्रत्येक नवे रोप खातात. आणि डोंगर बोडके राहून कडक हिवाळ्यात तीच उपाशी मरतात. मारणे तेथे कोणालाच टळत नाही. पैसेवाल्या पाहुण्याने मारावे की पगारी माणसाने, एवढाच वाद आहे. आम्ही स्वतः त्या पाहुण्याच्या जागी कधी उभे राहणार नाही. स्टॉकरच्या जागी जन्मलो असतो, तर काय केले असते हे सांगता येत नाही. आणि दशरथाचाही विसर पडू नये. आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण पाण्याला आलेल्या पोराला लागला होता. समोरच्या उतारावर कोण चालले आहे हे ठाऊक असणे, हे बंदुकवाल्याइतकेच चालणाऱ्याच्याही हिताचे.

या व्यवस्थेचे पंचांगही आता पूर्वीसारखे स्वच्छ राहिलेले नाही, हे सांगितले पाहिजे. नर हरणांचा शिकारीचा हंगाम कायद्याने १ जुलै ते २० ऑक्टोबर असा होता. हरणे कमी करावयाची म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात नरांचा निषिद्ध काळच रद्द करण्यात आला. रिवाजाने बरीचशी शिकार अजून त्याच शरद ऋतूत होते, आणि २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी माद्यांचा हंगाम तसाच आहे. पण पाटीवर तारीख घालताना मालकाला आता अधिक विचार करावा लागणार, आणि चालणाऱ्याला अधिक विचारावे लागणार.

विचारावे लागणार, असे आम्ही लिहिले खरे. याच शब्दापाशी त्या दिवशी आमचे पाऊल अडखळले होते.

वीस वर्षांपूर्वी, सनद मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, बेळगावच्या पश्चिमेकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावचा दावा आमच्याकडे आला. देवीचे देऊळ डोंगराच्या सोंडेवर. गावातून देवळाकडे जाणारी पायवाट आमच्या अशिलाच्या भातशेतातून आणि मागच्या काजूच्या बागेतून जात असे. अशिलाने कुंपण घातले, फाटक लावले, कुलूप घातले. गावकऱ्यांनी दावा केला, की ही आमची वहिवाटीची वाट, पालखी याच वाटेने जाते. आमच्याकडील १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा वीस वर्षांचा उघड, अखंड आणि हक्काने केलेला वापर मागतो. वर्षे वीस कसली, दोनशे भरली असती. अडचण ‘हक्काने’ या शब्दाची होती, आणि ती आम्ही हेरली होती.

वादीचे मुख्य साक्षीदार गावचे एक वृद्ध होते. सत्तरी उलटलेली, डोक्याला पागोटे, हातात काठी. उलटतपासणीत आम्ही त्यांना मोठ्या आदबीने विचारले, “आजोबा, पालखी न्यायची तेव्हा शेताच्या धन्याला काही सांगत होता का?” ते म्हणाले, “सांगितल्याबिगर कसं जाणार, वकीलसाहेब? आदल्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर नारळ-विडा ठेवून विचारायचो. त्यांच्या आज्यापासून विचारत आलोय.” “आणि ते हो म्हणायचे?” “देवीला नाही कोण म्हणंल?”

आम्ही खाली बसलो. दावा तेथेच संपला होता. दरवर्षी परवानगी मागून केलेला वापर हा हक्काने केलेला वापर नव्हे. परवानगी देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. न्यायाधीशांनी निकालपत्रात आजोबांची तीच वाक्ये उतरवून घेतली. ग्लेन डॉलचे धनगर जिंकले, कारण त्यांनी कधी विचारले नाही. आमच्या गावची माणसे हरली, कारण त्यांनी दर वर्षी नारळ ठेवला. निकाल कायद्याला धरून होता. आजही कोणी विचारले तर तसेच सांगू. त्या संध्याकाळी अशिलाने पेढे आणले, आणि ते आम्ही खाल्ले. पालखी तेव्हापासून दोन मैलांचा वळसा घेऊन डांबरी रस्त्याने जाते. आजोबा पुढे किती वर्षे होते, याची आम्ही कधी चौकशी केली नाही.

आणि आता आमच्यापुढे उभा राहून धन्याचाच माणूस आम्हांला विचारीत होता. हक्क आमचा, नारळ-विडा ठेवण्याची पाळी त्याची. विचारल्याने त्याचे काही गेले नव्हते, आणि हो म्हटल्याने आमचे काही जाणार नव्हते. मागणे आणि मालकी या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येऊ नयेत, अशी सोय कायद्यात करता येते, हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

आम्ही पुतण्याला म्हणालो, “तुझी वही आहे, तू ठरव.” तो बराच वेळ टॉलमाउंटकडे पाहत राहिला. मग त्याने स्टॉकरला सांगितले, की आम्ही वाट सोडत नाही. थोडे पुढे जाऊन परत फिरू. स्टॉकरने टोपीला हात लावला आणि वर निघून गेला. तीन वाजण्याच्या सुमारास, आम्ही उतरत असताना, पठाराच्या पलीकडून एकच आवाज आला. डोंगरांनी तो थोडा वेळ धरून ठेवला. पुतण्या चालता चालता थांबला. काही बोलला नाही. त्यानंतर मोटारीत बसेपर्यंत नरांचे डुरकणे आम्हांस ऐकू आले नाही, की आम्हीच लक्ष दिले नाही, कोण जाणे. टॉलमाउंटची खूण त्याच्या वहीत अजून व्हावयाची आहे.

बेळगावला परतल्यावर आम्ही ते जुने निकालपत्र कपाटातून काढून वाचले. अशील वारले आहेत; जमीन मुलाच्या नावावर आहे. त्याला आम्ही पत्र लिहिले. निकाल तुमच्याच बाजूचा आहे आणि तो कोणी हिरावून घेत नाही, हे पहिल्या वाक्यात लिहिले. मग पालखीचा एक दिवस आणि नवरात्राचे नऊ, सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत. उभ्या पिकात कोणी पाय घालणार नाही. काजू गळण्याच्या दिवसांत बागेच्या खालच्या बांधाने जावयाचे. फाटकाची किल्ली देवळाच्या गुरवाकडे, असा मसुदा सोबत जोडला. हा मसुदा वीस वर्षांपूर्वी आम्हांला करता आला असता. त्या वेळी तो मागण्यास आमच्याकडे कोणी आले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

उत्तर पोस्टकार्डाने आले. भाताची कापणी चालू आहे, ती झाल्यावर बसून बोलू, असे त्याने लिहिले आहे.